गराडू घरीच तळू म्हणणारी लेक

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका आईचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणतात, छापत नाही. पत्र दोन पानी आहे, थोडं कापून देते.

"ताई, मुलगी नववीत आहे. जानेवारीत चौदा पूर्ण झाली. लहानपणी इतकी बोलायची की शाळेतून स्कूटीवर आणताना मी म्हणायचे, अगं, सिग्नलपुरती तरी गप्प बस. आता स्कूलबसने जाते आणि काहीही विचारलं की 'काही नाही'. वाढदिवसाला दरवर्षी आम्ही रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जातो, थंडीचे दिवस, तळलेल्या कंदाचे गराडू तिचा जीव की प्राण. यंदा म्हणाली, घरीच तळू. मार्चमध्ये भरतनाट्यमचा क्लास सोडला, सात वर्षं शिकत होती. कंटाळा आला म्हणे. जूनमध्ये शाळेचे बूट घ्यायला निघालो तर जुने चालतात म्हणाली. मी दाबून पाहिले, अंगठा टोकाला लागतो. परवा दप्तर झटकताना ऑगस्टमधल्या मांडूच्या सहलीचा फॉर्म सापडला, सही न घेतलेला. विचारलं तर म्हणे मैत्रिणी जाणार नव्हत्या. सगळ्या गेल्या होत्या, मला त्यांच्या आयांकडून कळलं. तशी घरात वागायला नीट आहे. उद्धटपणा नाही, सासूबाईंच्या गुडघ्यांना रोज तेल चोळून देते. फक्त रात्री साडेबारापर्यंत जागते, फोन हातात. यांची दुसरी पाळी असते, यांनी येऊन आतून कडी लावली की मग कुठे तिचा दिवा बंद होतो. सासूबाई म्हणतात, वय आहे. शेजारीण म्हणते, फोन तपास, एखादा मुलगा असेल. यांच्याशी बोलावं तर यांचं पीथमपूरच्या कंपनीत डिसेंबरपासून जरा वेगळंच चाललंय, ते जाऊ दे. फोन तपासू का? तिच्या मनातलं कसं कळेल? आणि मी कुठे चुकले?"

लोकमान्य नगरच्या आई, नमस्कार.

तुमच्या पत्राला मी लगेच उत्तर लिहायला बसले होते. वयात येणाऱ्या मुलींबद्दल दर दोन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच, त्यामुळे एक उत्तर हाताशी तयार असतं. दोन परिच्छेद लिहून झाले, आणि मांडूची सहल कुठल्या महिन्यात होती ते बघायला पत्र पुन्हा उघडलं. मग ते दोन्ही परिच्छेद टोपलीत गेले.

तुमच्या लेकीनं या वर्षात ज्याला ज्याला नाही म्हटलं ते मी कागदावर एकाखाली एक लिहून काढलं. जानेवारी, सराफा. मार्च, नाच. जून, बूट. ऑगस्ट, मांडू. तुम्हाला यात मुलीचं सगळ्यावरून मन उडालेलं दिसतं. शेजारणीला यात मुलगा दिसतो. मी पडले गणिताची मास्तरीण, तीस वर्षं वह्या तपासण्यात गेली. मला दिसलं ते एवढंच की या चारही गोष्टींना पैसे पडतात. ज्याला पैसे पडत नाहीत अशा कशालाही ती नाही म्हणाल्याचं तुमच्या पत्रात सापडत नाही. आजीचे गुडघे ती रोज चोळतेच आहे.

आणि मग ते वाक्य. "डिसेंबरपासून जरा वेगळंच चाललंय, ते जाऊ दे." दोन पानांत यजमानांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी, त्यातही शेवटी "ते जाऊ दे". डिसेंबरात हे, आणि जानेवारीत लेकीचा पहिला नकार. पगार उशिरा होतोय, पाळ्या कमी झाल्यात, की नोकरीच टांगणीला लागली आहे, हे तुम्ही मला सांगितलेलं नाही, आणि मला सांगायलाच हवं असंही नाही. पण तुमचं "ते जाऊ दे" आणि तिचं "काही नाही" मी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. एकाच घरातले शब्द वाटतात हो.

माझा अंदाज चुकू शकतो. अनोळखी घराचं कोडं पत्रावरून सुटलं असं समजणारी बाई धोकादायकच म्हणायची. तरी तपासून बघण्याजोगा हा अंदाज आहे, आणि फोनपेक्षा तो आधी तपासा.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर तिच्यासमोर चकार शब्द काढलेला नाही. नसेलच काढला. पण घरात पैशाची ओढ आहे हे मुलांना कुणी सांगावं लागत नाही. ती आली की तुमचं बोलणं मध्येच थांबतं. दुधाची महागाची थैली जाऊन स्वस्तातली आली. बाबा पूर्वी ज्या वारी घरी नसायचे त्या वारी घरी दिसतात, आणि टीव्ही लावून त्याकडे बघत नाहीत. आत्याचा फोन आला की आई गॅलरीत जाते. चौदा वर्षांच्या मुलीला यातून बेरीज करता येते. फक्त उत्तर बरोबर आलं की नाही हे तिला विचारता येत नाही, कारण हा विषयच घरात नाही. मग ती स्वतःच्या परीनं खर्च कापते. तेही असं की कुणाच्या लक्षात येऊ नये. मैत्रिणी जाणार नव्हत्या. कंटाळा आला. जुने चालतात.

हे मला सुचलं याचं कारण फार जुनं आहे आणि माझ्या फारसं कौतुकाचं नाही. नव्वदच्या दशकात मी परदेशीपुऱ्याकडच्या एका शाळेत शिकवत होते. आपल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. त्यातल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकबाकीची वाट मोकळी व्हायला पुढे 2023 चा डिसेंबर उजाडला, यावरून तो काळ किती लांबला ते तुम्हाला कळेल. वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप मिलमध्ये. त्यातल्या एका मुलाचं अक्षर मोठं सुरेख, टपोरं. सहामाहीनंतर ते बारीक व्हायला लागलं. बारीक म्हणजे किती, तर एका ओळीत दोन ओळी बसवायचा, समासही सोडायचा नाही. मी त्याला दोनदा रागावले. तिसऱ्यांदा अख्खा गृहपाठ पुन्हा लिहायला लावला, मोठ्या अक्षरात. त्यानं निमूट लिहून आणला. पाठकोऱ्या कागदांवर, पानं सुईदोऱ्यानं शिवलेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पोरगं वही वाचवत होतं. बापाची मिल बंद पडून चार महिने झाले होते आणि त्यानं ते शाळेत कुणालाही सांगितलं नव्हतं. अक्षरातून मात्र सांगत होता, रोज, माझ्याच समोर. मी त्यावर लाल शाईनं "अक्षर सुधारा" लिहीत होते.

तेव्हापासून मी मुलांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्यात काय बदललं इकडे बघायला लागले. गप्प मूल जन्मतःच गप्प असेल तर त्यात काळजीचं काही नाही. बोलकं मूल कधीपासून गप्प झालं, आधी काय होतं जे आता नाही, हे बघायचं. तुम्ही ते पाहिलंय, नाहीतर महिन्यांसकट लिहिलं नसतं. फक्त बेरीज केली नाहीत.

रात्रीच्या जागरणाचंही तसंच. सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत, वय आहेच. या वयात झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात रात्री उशिरा वाढतं, त्यामुळे दहाला दिवा घालवून मुलं झोपतील ही आशा सोडा. उरलेलं अर्ध तुमच्याच पत्रात आहे. बाबांनी कडी लावली की दिवा बंद. शेजारणीला विचाराल तर म्हणेल, बापाच्या धाकानं फोन लपवते. मला वाटतं बाबा घरी आल्याचा आवाज येईपर्यंत तिला झोप लागत नाही. फोन हातात असतो, कारण नुसतं छताकडे बघत बसलं तर तुम्ही विचाराल, काय झालं, आणि पुन्हा तेच उत्तर द्यावं लागेल.

आता फोन. गुपचूप तपासू नका. तत्त्वाची गोष्ट बाजूला ठेवू, उपयोगाचंच बोलू. 2000 साली स्वीडनमधल्या स्टॅटिन आणि कर या दोन संशोधकांनी चौदा वर्षांची मुलं आणि त्यांचे आईबाप या दोघांकडूनही माहिती घेतली. तोवर समज असा होता की काही आईबापांना मुलांचं सगळं ठाऊक असतं ते त्यांचं लक्ष असतं म्हणून. या दोघांनी मांडलेल्या हिशेबात निघालं की आईबापांना जे कळतं ते मुख्यतः मुलं आपणहून सांगतात म्हणून. पाळत आणि उलटतपासणी यांतून हाती फार थोडं लागतं. तुमच्या लेकीनं आपणहून सांगणं बंद केलंय, दुखणं तिथं आहे. फोन उघडून तुम्हाला मैत्रिणींच्या चॅट आणि रील दिसतील, आणि तुम्ही पाहिलंत हे तिला दोन दिवसांत कळेल. ही मुलं बॅटरी किती टक्क्यांवर ठेवली होती तेसुद्धा लक्षात ठेवतात.

याला अपवाद आहेत आणि त्यांत संकोच करायचा नाही. जेवण सुटलं, वजन उतरलं, उकाड्यातही लांब बाह्या घालते, एखाद्या माणसाचं नाव निघालं की खोलीत निघून जाते, "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही बोलून गेली, तर पैशाबिशाचा माझा अंदाज खुशाल गुंडाळून ठेवा आणि लगेच हालचाल करा. नाचाच्या क्लासबद्दल तर एकदा स्वतंत्रपणे विचाराच. सात वर्षांची आवड फीसाठी सोडली असेल, हे शक्य आहे. तिथं कुणी काही बोललं, कुणी हात लावला, म्हणून सोडली असेल, हेही शक्य आहे. "तिथं कुणाचा त्रास होता का गं" एवढं सरळ विचारा आणि उत्तर येईपर्यंत भाजी निवडत राहा. तसं काही निघालं तर अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 2012 चा पॉक्सो कायदा आहे, आणि माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच त्यात गुन्हा धरला आहे, घरची अब्रू वगैरे कारणं चालत नाहीत. मुलांसाठी 1098 आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416, हे दोन्ही नंबर दिवसरात्र चालतात, पैसे पडत नाहीत. फ्रिजवर लिहून ठेवा, कारण न सांगता. मुलांना नंबर माहीत असलेला बरा.

तुमच्या पत्रातून तसं काही दिसत नाही, म्हणून माझ्या अंदाजाकडे परत येते.

आधी यजमानांशी बोला, रविवारी दुपारी, सासूबाई पडल्यावर. लेकीच्या वागण्याची तक्रार घेऊन जाऊ नका, त्या माणसाला ऐकायला बळ उरलेलं नसेल. तो चार ओळींचा कागद दाखवा. जानेवारी, मार्च, जून, ऑगस्ट. काही समजावून सांगावं लागणार नाही. "आत्ता नको" म्हणाले तर म्हणू देत, पुढच्या रविवारी पुन्हा काढा. माणसं नोकरीचं घरी सांगत नाहीत त्यात मानीपणा असतो, आणि त्याहून जास्त ही समजूत असते की आपण गप्प राहिलो तर मुलं सुखात राहतील. तुमच्या घरात हे दहा महिने करून झालंय.

मग लेकीशी. समोर बसवून नको. समोर बसवलं की मुलाला ती चौकशी वाटते, आणि आपल्यालाही "माझ्याकडे बघून बोल" म्हणायची खोड असतेच. ती एवढी बोलायची ती स्कूटीवर, हे विसरू नका. स्कूटीवर दोघींचं तोंड एकाच दिशेला असतं, चेहरा दिसत नाही, रडू आलं तर वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं म्हणता येतं. तिला काही कामाला बरोबर घ्या, अन्नपूर्णेच्या देवळात म्हणा, भाजीला म्हणा, आणि प्रश्न न विचारता तुम्हीच सांगा. साधारण असं: "बाबांच्या कंपनीत डिसेंबरपासून अडचण आहे. तुला आधीच सांगायला हवं होतं, आम्ही सांगितलं नाही. तुझ्या लक्षात आलंय असं मला वाटतंय." आणि गप्प व्हा. ती काही बोलली नाही तरी भाजी घ्या आणि घरी या. कदाचित तीन दिवसांनी रात्री पाणी प्यायला उठून काहीतरी विचारेल, तेही आडून. "बारावीपर्यंतची फी भरता येईल ना?" असं काहीतरी. तेव्हा "तू नको काळजी करू" म्हणू नका. आकडा सांगा. काय नक्की आहे, काय नाही, काय वर्षभर बंद राहील. मुलं कल्पनेनं जे रंगवतात ते बहुधा खऱ्यापेक्षा वाईट असतं. तुम्ही घर विकणार असाही तिचा समज झालेला असू शकतो.

बूट मात्र याच आठवड्यात घ्या. त्यात चर्चा नको. नाचाचं नंतर बघा, बाईंशी बोलून फी पुढेमागे करता येते का ते. सगळं एकदम परत देऊ नका. दिलंत तर तिचं वर्षभराचं कापणं तुम्ही खोडून काढल्यासारखं होईल, आणि अडचण अजून आहेच.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. हे सगळं उघड झाल्यावर तुमचे डोळे भरून येतील आणि तोंडातून निघेल, "किती गं समजूतदार माझी बाय!" ते वाक्य गिळा. आपल्या घरांमधून मुलींना लहानपणापासून मिळणारं हे मोठं बक्षीस. हट्ट केला नाही, समजूतदार. दादाला मोठा तुकडा दिला, समजूतदार. मागितलं नाही, बोलली नाही, रडली नाही, समजूतदार. ज्या मुलीला हे बक्षीस एकदा मिळालं ती ते टिकवायला पुढची वीस वर्षं गप्प राहू शकते, सासरीसुद्धा. त्याऐवजी सरळ म्हणा की मला ते आवडलं नाही, बूट बोचत होते तर सांगायचं होतंस. थोडं रागावलात तरी चालेल.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही पण आपल्या इंदूरच्या घरांत मला सगळीकडे दिसतं. आपली मुलं घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि बाकी सगळीकडे हिंदी. मनातलं बोलायची वेळ आली की त्यांना हिंदीच जवळची वाटते, आणि मग ती जे बोलतात ते दोन्हींच्या मधलं असतं. माझा मुलगा सहावीत असताना एकदा जेवता जेवता म्हणाला, "माझा मन नाही लागत शाळेत." मी म्हटलं, "माझा मन नाही रे, माझं मन." त्यानं "माझं मन" म्हणून दाखवलं आणि आमटी भुरकली. विषय तिथंच संपला. वर्गातली मुलं त्याला का छळत होती ते मला आठवीत कळलं, तेही दुसऱ्याच्या आईकडून. मराठी शुद्ध असावी हे मलाही वाटतं, तुमच्या सासूबाईंना तर वाटतच असणार. पण तुमची लेक येत्या दिवसांत जे काही बोलेल ते कुठल्याही भाषेत, कुठल्याही लिंगात बोलू दे. व्याकरण दिवाळीनंतर.

तुम्ही कुठे चुकलात, या तुमच्या शेवटच्या प्रश्नात मी वेळ घालवणार नाही. बुटाला अंगठा लागतो हे दाबून बघणारी आई तुम्ही आहात.

गराडू बाजारात यायला अजून अवकाश आहे. सोलताना हात खाजतात म्हणून हल्ली घरी कुणी फारसं करत नाही, तरी तिच्या वाढदिवसाला कदाचित यंदाही तुम्हाला घरीच तळावे लागतील, वरून जीरावन मसाला आणि लिंबू. जमलं तर सराफ्यात जा, दोन प्लेट चौघांत. काय केलंत ते मला जानेवारीत कळवा. घरी तळलेत तर का तळतोय ते या खेपेला चौघांनाही माहीत असू दे, सासूबाईंनासुद्धा.